वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या पेशी रूप बदलतात, पण कुठवर?

गेल्या अंकात हाडांच्या आजारांवरच्या लेखात एक वाक्य होते : ‘हाड कुरतडणारी पेशी मुळात रक्तातल्या पांढऱ्या पेशीपासूनच तयार होते.’ या एका वाक्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे उत्तरांसह देत आहोत.

माझ्या सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये ‘मोनोसाइट ८ टक्के’ असे आले आहे. या पेशी शेवटपर्यंत पांढऱ्या पेशीच राहतात, की पुढे दुसरे काही बनतात? – राजारामपुरी

आधी आकड्याचे पाहू. नुसत्या टक्क्यावरून काही ठरत नाही, त्याला एकूण पांढऱ्या पेशींनी गुणावे लागते. एकूण पेशी ७,००० असतील तर ८ टक्के म्हणजे ५६० मोनोसाइट. साधारण २०० ते ८०० हा नेहमीचा आकडा आहे, त्यामुळे तुमच्या रिपोर्टची काळजी नको.

पांढऱ्या पेशींमध्ये सगळ्यात जास्त असतात न्यूट्रोफिल. त्या एक-दोन दिवसांत काम करून संपतात, दुसरे काही होत नाहीत. बी लिम्फोसाइटपासून अँटिबॉडी तयार करणारी प्लाझ्मा पेशी होते. खरे रूपांतर असते ते मोनोसाइटचे. ही पेशी रक्तात एक ते तीन दिवस फिरते, मग केशवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून ऊतीत शिरते. तिथे आजूबाजूचे रासायनिक संकेत जसे असतील तसे तिचे होते. जंतू गिळणारी मॅक्रोफेज, जंतूचा तुकडा लिम्फोसाइटला दाखवणारी डेंड्रायटिक पेशी, किंवा हाडात पोचलीच तर अनेक केंद्रकांची ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे तीच हाड कुरतडणारी पेशी.

याचा माणसातला उत्तम पुरावा १९८० सालचा आहे. ऑस्टिओपेट्रोसिस या जन्मजात आजारात ऑस्टिओक्लास्ट काम करत नाहीत, हाड दगडासारखे घट्ट होत जाते आणि मज्जेला जागाच उरत नाही. अमेरिकेत अशा एका तान्ह्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली गेली. नंतर तिच्या हाडाचा तुकडा तपासला, तर ऑस्टिओक्लास्टमध्ये वाय गुणसूत्राची खूण होती, म्हणजे त्या पेशी भावाच्या होत्या. हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट मात्र मुलीच्याच राहिल्या. एकाच हाडात शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन पेशी, पण एक रक्ताच्या घराण्यातली आणि दुसरी नाही. पुढची सगळी उत्तरे वाचताना ही सीमारेषा ध्यानात ठेवावी.

एक दुरुस्तीही सांगायला हवी. जुन्या पाठ्यपुस्तकांत ऊतींतल्या सगळ्याच मॅक्रोफेज मोनोसाइटपासून येतात असे असायचे. ते आता मान्य नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लिया गर्भावस्थेतच पीतक पिशवीतून (सुरुवातीला गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) येऊन स्थिरावतात, हे २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून दिसले. यकृतातल्या कुप्फर पेशीही बहुतांशी गर्भकाळातल्याच असतात आणि जागच्या जागी विभागत राहतात. आतड्यातल्या मॅक्रोफेज मात्र मोठेपणीही मोनोसाइटपासूनच सतत नव्याने भरल्या जातात.

आईचे वय ७१. हाडे ठिसूळ झाल्यामुळे डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचे इंजेक्शन सुरू केले आहे. तीन झाली. आता तिला बरे वाटते, खर्चही आहे, म्हणून चौथे पुढे ढकलावे म्हणतो. आणि या इंजेक्शनचा पांढऱ्या पेशींशी खरेच संबंध आहे का? – उत्तरेश्वर पेठ

ढकलू नका. संबंध नेमका काय आहे ते कळले की कारणही कळेल.

मोनोसाइट घराण्यातल्या पेशीपासून ऑस्टिओक्लास्ट होण्यासाठी दोन संकेत लागतात. एम-सीएसएफ तिला जिवंत ठेवतो आणि तिच्या पृष्ठभागावर रँक नावाचा ग्राहक, म्हणजे संकेत पकडणारे प्रथिन, वाढवतो. मग हाडातल्या पेशींनी बनवलेला रँक-एल त्या ग्राहकाला चिकटतो, आणि त्यानंतर अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी तयार होते. डेनोसुमॅब ही रँक-एलला धरून ठेवणारी अँटिबॉडी आहे. ती असेपर्यंत पांढऱ्या पेशीचे हे रूपांतर थांबते आणि हाडाची झीज मंदावते.

पण पूर्वपेशी मेलेल्या नसतात, त्या वाट पाहत असतात. ६० मिलिग्रॅमच्या डोसचा असर सहा महिन्यांनंतर वेगाने उतरतो आणि थांबलेल्या साऱ्या पेशी एकदम कामाला लागतात. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की ऑस्टिओक्लास्ट नेहमी मरतच नाहीत. त्या तुटून लहान पेशी होतात आणि त्या लहान पेशी पुन्हा एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट बनू शकतात. औषध बंद केल्यावर झीज उसळी मारते, त्याचे एक कारण हेही असावे. काही रुग्णांत अशा वेळी पाठीचे एकापेक्षा जास्त मणके दबतात, आणि तेही पडझड न होता.

म्हणून तारीख वहीत लिहून ठेवा. फार तर तीन-चार आठवडे इकडेतिकडे चालतात, त्यापुढे नाही. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना तसे सरळ सांगा. डेनोसुमॅब बंद करायचेच असेल तर त्याच्या जागी दुसऱ्या गटातले औषध द्यावे लागते. सामान्यतः शेवटच्या इंजेक्शननंतर सहाव्या महिन्याच्या सुमारास झोलेड्रोनेट शिरेतून, किंवा आठवड्याला ७० मिलिग्रॅम ॲलेंड्रोनेटची गोळी. यांतले काय आणि किती दिवस, हे आईची किडनी पाहून डॉक्टर ठरवतील.

इंजेक्शनच्या आधी रक्तातले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहून घ्या. किडनी अशक्त असेल तर या इंजेक्शनानंतर कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बोटांना मुंग्या किंवा हातापायांत पेटके आले तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला या औषधाची आधी कल्पना द्या. शहरातून औषध घेऊन गावी टोचणार असाल तर ते २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये न्यायचे, पण बर्फाला चिकटवून ठेवायचे नाही. गोठले तर टाकून द्यावे लागते. जोरात हलवायचे नाही, आणि टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचे.

मिसेसच्या मानेतल्या गाठीतून सुईने पाणी काढले. रिपोर्टमध्ये ‘एपिथेलॉइड पेशी, लँगहान्स जायंट पेशी, केसिएशन’ असे आहे. या पेशी कुठून आल्या? कॅन्सर तर नाही ना? – इचलकरंजी

या वर्णनाच्या गाठीत आपल्याकडे पहिला संशय टीबीचा असतो. रिपोर्टमधल्या या दोन्ही पेशी पांढऱ्या पेशींच्याच घराण्यातल्या आहेत. टीबीचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटात जातो पण पचत नाही. मग टी लिम्फोसाइट इंटरफेरॉन-गॅमाचा संकेत देतात. त्याने मॅक्रोफेज लांबट, एकमेकींना खेटून बसलेल्या होतात, त्या एपिथेलॉइड पेशी. त्यांतल्या काही एकत्र मिसळून मोठी पेशी बनते, तिची केंद्रके कडेने घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात. केसिएशन म्हणजे मधला मेलेला, पनीरसारखा भुसभुशीत भाग.

पण नुसत्या आकारावर थांबू नये, जंतू शोधावा. सुईने काढलेल्या द्रवाची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी (जंतूचे जनुकीय द्रव्य शोधणारी) सरकारी केंद्रात मोफत होते. रिफाम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध चालेल की नाही तेही त्यात कळते. इथे एक चूक वरचेवर घडते. गाठ शस्त्रक्रियेने काढली की ती सगळीच्या सगळी फॉर्मलिनमध्ये टाकतात. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो, मग त्याची वाढ करून बघणे अशक्य होते आणि सीबीनॅटलाही तो नमुना चालत नाही. म्हणून आधीच सांगून दोन डब्या करून घ्याव्यात. एकीत फॉर्मलिन, दुसरीत निर्जंतुक सलाइन, आणि सलाइनची डबी त्याच दिवशी लॅबमध्ये पोचली पाहिजे.

औषधाला दाद देणारा टीबी असेल तर उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. उपचार चालू असताना गाठ मधेच मोठी होऊ शकते किंवा शेजारी नवी येऊ शकते. औषध नीट लागू पडत असतानाही असे होते, कारण प्रतिकारशक्ती सावरल्यावर तिथे जास्त पेशी गोळा होतात. डॉक्टरांना दाखवा, पण गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. गाठ दाबून पू काढायचा नाही.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी रक्तापासून मॅक्रोफेज आणि ऑस्टिओक्लास्ट वाढवायच्या आहेत. घनतेच्या द्रावणावर रक्त घालून सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर फिरवते, पण पांढरे कडे (पांढऱ्या पेशींचा थर) दिसतच नाही, सगळे लालसर होते. काय चुकते? – शिवाजी विद्यापीठ परिसर

पहिली शंका फेऱ्यांवर. मिनिटाच्या फेऱ्या लिहून उपयोग नाही, ‘जी’, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट जोर पडतो तो, मोजावा लागतो. सूत्र असे : ०.००००१११८ × त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × फेऱ्यांचा वर्ग. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ३,००० फेऱ्या म्हणजे जवळपास १,६०० जी. तुम्हाला लागतात ४००. त्या रोटरला सुमारे १,५०० फेऱ्या पुरतात. त्रिज्या मधल्या अक्षापासून नळीच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा.

दुसरी शंका ब्रेकवर. थांबताना ब्रेक लागला की थर ढवळले जातात. ब्रेक शून्यावर ठेवा, यंत्र आपोआप थांबू द्या, घाई करू नका.

आता क्रम. हेपॅरिनच्या नळीतले ताजे रक्त, तेवढ्याच पीबीएसने (फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्याने) पातळ केलेले. १५ मिलिलिटरच्या नळीत १.०७७ घनतेचे द्रावण ४ मिलिलिटर. नळी तिरकी धरून भिंतीवरून ८ मिलिलिटर पातळ रक्त अगदी सावकाश सोडा. दोघांमधली रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. ती पुसट झाली तर तिथेच थांबून नवी नळी घ्या. ४०० जी, ३० मिनिटे, २० अंश. द्रावण फ्रिजमधून काढून लगेच वापरले तर त्याची घनता जास्त असते, मग लाल पेशी आणि न्यूट्रोफिल नीट खाली बसत नाहीत. ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रक्त एका दिवसाहून जुने असेल तरी न्यूट्रोफिल हलके होऊन कड्यात अडकतात.

पांढरे कडे पाश्चर पिपेटने गोल फिरवत घ्या, खालचे द्रावण कमीत कमी येऊ द्या. पीबीएसने ३०० जीवर १० मिनिटे, मग २०० जीवर दोनदा धुवा, म्हणजे प्लेटलेट निघून जातात. एक मिलिलिटर रक्तातून साधारण दहा लाख पेशी हाती लागतात आणि त्यांत मोनोसाइट दहा ते वीस टक्के. या हिशेबाने आधीच ठरवा किती रक्त लागेल.

पेशी प्लास्टिकच्या तबकडीत ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये तास-दीड तास ठेवा. मोनोसाइट चिकटतात, तरंगणाऱ्या धुऊन टाका. मॅक्रोफेजसाठी १० टक्के सीरम घातलेल्या आरपीएमआय माध्यमात एम-सीएसएफ मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम, तिसऱ्या दिवशी निम्मे माध्यम बदला, सातव्या दिवशी पेशी तयार. त्या ट्रिप्सिनने सुटत नाहीत. थंड पीबीएस-ईडीटीए घालून हलक्या हाताने खरवडाव्या लागतात.

ऑस्टिओक्लास्टसाठी ९६ खळग्यांच्या तबकडीत दर खळग्याला एक लाख मोनोसाइट. आधी दोन-तीन दिवस नुसते एम-सीएसएफ २५ नॅनोग्रॅम, मग त्यात रँक-एल ५० नॅनोग्रॅम. दर तीन दिवसांनी माध्यम बदला. सात ते दहा दिवसांत मिसळलेल्या पेशी दिसू लागतात, चौदा दिवसांच्या आसपास त्या गळायला लागतात, त्यामुळे रोज बघा. पेशी विरळ पेरल्या तर एकमेकींना गाठतच नाहीत. माध्यमात एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातले विष) असेल तर रूपांतर सुरुवातीलाच अडते आणि सगळ्या मॅक्रोफेजच राहतात. ट्रॅप या विकराचा रंग चढलेल्या आणि तीन किंवा जास्त केंद्रके असलेल्याच पेशी मोजा. ट्रॅप रंगला म्हणजे काम सिद्ध झाले असे नाही. हाडाच्या पातळ चकतीवर त्यांनी खड्डे पाडलेले दिसले तरच ती ऑस्टिओक्लास्ट, असे परीक्षकाने म्हटले तर त्याचे बरोबरच आहे.

रक्त घेण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि रक्तदात्याची लेखी संमती हवी. हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी, आणि उरलेले रक्त १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवूनच टाकावे.

आमच्या लॅबला राधानगरी भागातून नमुने दुपारी येतात. स्लाइडवर मोनोसाइटमध्ये पोकळ्या दिसतात, डॉक्टर ‘संसर्ग आहे का’ विचारतात. – गारगोटी

आधी नमुन्याचे वय विचारा. ईडीटीएत (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) तीन-चार तास राहिलेल्या रक्तात मोनोसाइट आपोआप पोकळ होतात, न्यूट्रोफिलचीही केंद्रके बिघडतात. रक्त घेतले तिथेच एक-दोन स्लाइड ओढून, वाळवून, मेथनॉलमध्ये बुडवून पाठवायला सांगा आणि नळी काउंटसाठी ठेवा. पावसाळ्यात तुमच्याकडे हवा इतकी दमट असते की स्लाइड सावकाश वाळते आणि लाल पेशींत चमकणारे डाग दिसतात. हलवून किंवा पंख्याखाली पटकन वाळवा. मेथनॉलच्या बाटलीचे झाकण उघडे राहिले की ते हवेतले पाणी ओढते आणि तोच दोष परत येतो. लेश्मनचा रंग दोन मिनिटे तसाच, मग दुप्पट बफर, पीएच ६.८, आणखी सात ते दहा मिनिटे.

पांढऱ्या पेशीपासून मेंदूच्या पेशी बनवल्या असे वाचले. वडिलांना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. एका ठिकाणी त्यांच्याच रक्तातल्या स्टेम सेल काढून टोचतो म्हणतात, लाखांत पैसे सांगतात. करावे का? – कागल

बातमी खरी आहे, पण तो काचेच्या तबकडीतला प्रयोग आहे. वडिलांना त्याचा आज उपयोग होणार नाही.

प्रयोगशाळेत काय जमले ते पाहा. २००४ मध्ये सी/ईबीपी-अल्फा हे एकच प्रथिन वाढवून उंदराच्या बी लिम्फोसाइटची मॅक्रोफेज करता आली. म्हणजे घराण्यातल्या घरात. २००६ मध्ये जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतल्या पेशीत चार जनुके घालून ती जवळपास गर्भावस्थेतल्या पेशीसारखी केली, २०१२ मध्ये त्यांना ब्रिटिश शास्त्रज्ञ गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळाले. २०१० मध्ये रक्तातल्या टी लिम्फोसाइटवरही तेच जमले. आणि २०१८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये चार प्रथिनांच्या जोरावर टी लिम्फोसाइट थेट चेतापेशींसारख्या झाल्या, एक मिलिलिटर रक्तातून ५०,००० पर्यंत. त्या विद्युत संकेत देत होत्या, पण आपसांत परिपक्व जोडण्या करत नव्हत्या. आजाराचा अभ्यास करायला ही पद्धत मोलाची आहे, आणि त्यासाठीच ती केली गेली.

नुसते रक्त काढून, फिरवून परत टोचल्याने यातले काहीही घडत नाही. जनुके बाहेरून घालावी लागतात, आठवडे लागतात. आणि अर्धवट बदललेली पेशी अंगात गेली तर गाठ होण्याची भीती असते. अस्थिमज्जेच्या पेशी आपोआप यकृत किंवा मेंदू होतात असे २००० च्या सुमारास पुष्कळ लिहिले गेले. २००३ मध्ये यकृताच्या बाबतीत नीट तपासले तेव्हा कळले की रक्ताच्या पेशी यकृतपेशींत मिसळून गेल्या होत्या, बदलल्या नव्हत्या.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेल उपचाराला मान्यता आहे ती रक्ताच्या ठरावीक आजारांतल्या प्रत्यारोपणाला. पक्षाघातासाठी असे काही करायचे तर ते फक्त मंजूर चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. त्यांना सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीचे पत्र मागा. पैसे मागतात, तिथेच उत्तर मिळाले आहे. तीच रक्कम नियमित फिजिओथेरपी, बोलण्याचे उपचार, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे यांवर लागली तर वडिलांना फायदा होईल. आठ महिने झाले म्हणून हात सोडू नका, सुधारणा सावकाश का होईना चालू राहते.

गुडघ्यात रक्त काढून पीआरपी टोचतात. त्यातल्या पांढऱ्या पेशींची नवी कूर्चा होते का? – गडहिंग्लज

नाही. पीआरपी म्हणजे प्लेटलेट दाट केलेला रक्तद्रव. प्लेटलेटला केंद्रक नसते, तिचे दुसरे काही होऊच शकत नाही. पांढऱ्या पेशी त्यात कमी-जास्त असतात, पण त्यांचीही कूर्चा होत नाही. काहींना दुखणे काही महिने कमी होते, ते प्लेटलेटमधून सुटणाऱ्या प्रथिनांमुळे. ‘स्टेम सेल’ म्हणून पीआरपी विकत असतील तर घेऊ नका.

सूनबाईंना सातवा महिना आहे. नाळेचे रक्त खासगी बँकेत ठेवावे का? – जयसिंगपूर

त्या रक्तात रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यांपासून लाल, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट होतात. हृदय, किडनी होत नाही. बाळाला पुढे थॅलेसेमियासारखा जन्मजात आजार निघाला तर त्याचेच रक्त उपयोगाचे नसते, कारण दोष त्या पेशींतही असतो. स्वतःसाठी म्हणून साठवण्याला आयसीएमआरचा पाठिंबा नाही. घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमिया किंवा तसा आजार असेल तर गोष्ट वेगळी. मग प्रसूतीच्या आधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा. सख्ख्या भावंडाचे एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींवरची खूण) पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. बँकेच्या पैशांपेक्षा आत्ता सूनबाई आणि मुलगा दोघांची एचबीए२ तपासणी (थॅलेसेमियाचे वाहक आहेत का ते सांगणारी) झाली आहे का ते बघा. नसेल तर या आठवड्यातच करून घ्या.

ऊस तोडताना कोयता लागला, जखम भरत आली. नवी कातडी पांढऱ्या पेशींचीच होते का? – पन्हाळा तालुका

कातडी होते ती जखमेच्या कडेच्या आणि केसांच्या मुळांतल्या त्वचापेशींपासून. पांढऱ्या पेशी जागा साफ करतात. पहिल्या दिवशी न्यूट्रोफिल, दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज. फायब्रोसाइट नावाची रक्तातून येणारी एक पेशी १९९४ मध्ये सापडली. ती व्रणातल्या तंतूंना थोडा हातभार लावते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत तिचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत असते. जखमेत चुना, तंबाखू, हळद भरू नका; वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. धनुर्वाताचे इंजेक्शन पाच वर्षांत घेतले नसेल तर आजच घ्या.